माझ्याच विजयाविरुद्ध अर्ज

रविवार, सकाळी सव्वानऊ

प्रिय दादा,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला का, की अजून तू हाक मारलीस की तिला नेमकी उबळ येते? माझी प्रकृती उत्तम आहे. रक्तदाब मोजलेला नाही. सध्या तो मोजला तर यंत्राचीच काळजी घ्यावी लागेल.

तुझं अभिनंदनाचं पत्र परवा मिळालं. ते सोबत परत पाठवते आहे. (पाकीट ठेवून घेतलं, चांगलं जाड आहे.) 'आमच्या छोटीने परदेशी अध्यक्षाला लोळवलं' असं तू तुझ्या क्लबाच्या फलकावर खडूने लिहिलंस आणि पुढे दोन उद्गारचिन्हं काढलीस, हेही तूच अभिमानाने कळवलंस. ती ओळ आजच्या आज पूस. उद्गारचिन्हंसुद्धा. मी कोणालाही लोळवलेलं नाही. त्या माणसाशी मी एक चालसुद्धा खेळले नाही, आणि माझं सगळं भांडण तेच आहे. पेपरात दोन ओळी आल्या म्हणून तू पत्र लिहिलंस. आता खरं काय घडलं ते पहिल्यापासून वाच. (तुला पत्रं शेवटून वाचायची खोड आहे. या खेपेला शहाण्यासारखा वरून खाली ये.)

आधी ही स्पर्धा कशी चालते ते सांगते. तू म्हणशील, मला काय सांगतेस, मी एकोणीस वर्षं स्पर्धा भरवतो. पण तुझी स्पर्धा वाचनालयाच्या तळघरात अठ्ठावीस जणांची, आणि ही अख्ख्या खंडाच्या अजिंक्यपदाची. शहाऐंशी खेळाडू, त्रेचाळीस टेबलं, प्रत्येकावर निळं कापड, नावाची पाटी, देशाचा छोटा झेंडा आणि पटाखालून निघालेली एक वायर. त्या वायरीतून प्रत्येक चाल जगभर जाते. डाव संपला की दोन्ही राजे पटाच्या मधल्या घरांत आणून ठेवायचे. कुठल्या घरांत ठेवले त्यावरून यंत्राला निकाल कळतो. ही राजांची गोष्ट नीट ध्यानात ठेव. दारात एक चौकट असते, तिच्यातून जाताना ती किंचाळली की पुन्हा जायचं. (माझ्यासाठी ती पहिले दोन दिवस किंचाळली. अंबाड्यातला आकडा. तिसऱ्या दिवसापासून मी रबर लावलं.) फोन बाहेर, पेन बाहेर, मनगटावरचं घड्याळही बाहेर. एकतीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर असलेल्या बाईच्या हातातलं घड्याळ काढून घेतात आणि वर पावती देतात! एकूण नऊ फेऱ्या. जिंकलेला पुढच्या फेरीत जिंकलेल्याशी, हरलेला हरलेल्याशी, असं करत करत चौथ्या दिवसापर्यंत ज्याला त्याला आपली जागा कळते. पहिल्या चौघांना जागतिक स्पर्धेचं तिकीट मिळतं, उरलेल्या ब्याऐंशी जणांना प्रमाणपत्र आणि पाठदुखी.

आता नियमांतला सगळ्यात कडक नियम. मुख्य पंच 'सुरू करा' म्हणतात त्या क्षणी ज्याची खुर्ची रिकामी, तो हरला. मिनिटाची सवलत नाही, सेकंदाची नाही. पहिल्या दिवशी हे ऐकलं तेव्हा, दादा, खरं सांगते, मला माहेरी आल्यासारखं वाटलं. मीही आठच्या ठोक्याला खिडकी खाली ओढायचे. बाहेर कोण उभं आहे ते बघायचे नाही.

पण मी त्या शहाऐंशींतली नव्हते. मी सत्त्याऐंशीवी, म्हणजे कोणीच नाही. खेळाडूंची संख्या सम असली की सगळ्यांना जोडीदार मिळतो. विषम झाली की एक जण उरतो, आणि त्याला न खेळता पूर्ण गुण द्यावा लागतो. असा बसल्या जागचा गुण खंडाच्या स्पर्धेत बरा दिसत नाही, म्हणून संयोजक गावातलाच एखादा खेळाडू हाताशी ठेवतात. संख्या विषम झाली की त्याला बसवायचं, सम झाली की उठवायचं. हा भरतीचा खेळाडू. मी कारखान्याच्या स्पर्धेत सात वर्षं पहिली आले होते, निवृत्त आहे आणि सभागृहापासून चालत बारा मिनिटांवर राहते, या तीन कारणांनी माझी निवड झाली. (तिन्हींतलं महत्त्वाचं कोणतं ते संयोजकांनीच सांगितलं: "बाई, तुम्ही जवळ राहता.")

तसं भरतीचं काम मला नवं नाही. तू मला पट शिकवलास तो काही माझ्या कल्याणासाठी नव्हे. सुट्टीत तुझे मित्र गावाला गेले होते आणि तुला हरवायला कोणीतरी हवं होतं. कॅरमला चौथी मी, पत्त्यांना तिसरी मी, आट्यापाट्यांना कच्चं लिंबू मी. तुझ्या त्या तळघरातल्या स्पर्धेत चौदा वर्षं घड्याळं लावते मी, निकाल लिहिते मी, आणि "छोटे, तूही बस की एका पटावर" असं तुझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही. असो. हे पत्र त्याबद्दल नाही.

हे पत्र अर्ध्या गुणाबद्दल आहे. जगातल्या खेळाडूंची एक मानांकन यादी असते, प्रत्येक नावापुढे चार आकडी मानांकन, हे तुला माहीत आहे, कारण तुझं नाव तिच्यात आहे आणि ते तू पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवतोस. त्या यादीत यायचं तर मानांकन असलेल्या खेळाडूंशी पाच डाव प्रत्यक्ष खेळावे लागतात आणि त्या पाचांत निदान अर्धा गुण मिळवावा लागतो. पाचही हरलात तर तुम्ही कधी खेळलाच नाहीत असं धरतात. चार खेळलात तरी तसंच. मी एकतीस वर्षं रोज साडेचारशे माणसांची हजेरी घेतली. माझी हजेरी कोणी घेत नव्हतं, कारण खिडकी मीच उघडणार आणि मीच लावणार. मला एकदा, फक्त एकदा, दुसऱ्या कोणीतरी छापलेल्या यादीत माझं नाव हवं होतं. अगदी शेवटी असलं तरी चाललं असतं. तुला हे आधी बोलले नाही, कारण तू हसला असतास. आता हस हवं तर.

पहिल्या चार फेऱ्या मी नुसती बसून होते. रोज अकराला दहा मिनिटं कमी असताना हजर, आणि "सगळे आले बाई, जा घरी" ऐकून साडेअकराला परत. (शेजारीण म्हणाली, "काय हो, हरलात वाटतं?" मी म्हटलं, अजून मला हरूसुद्धा देत नाहीत.) पाचव्या फेरीला एका खेळाडूच्या बायकोला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्याचा फोन आला आणि तो तसाच विमानतळावर पळाला. देव त्या बाळाला शंभर वर्षं आयुष्य देवो. पंच्याऐंशी उरले आणि मी पटावर आले.

पाचवी फेरी एका दंतवैद्याशी. तो पूर्ण डावभर माझ्या घोड्याऐवजी माझ्या दातांकडे बघत होता, तरी सतराव्या चालीला त्याने मला मात दिली. सहावी हरले, सातवी हरले. आठवी मात्र साडेचार तास लढवली. हरले तेव्हा सभागृहात आम्ही दोघं आणि सतरंजी झाडणारी माणसंच होतो. चार डाव झाले, गुण शून्य. उरला एक डाव आणि हवा होता अर्धा गुण. आणि भरतीच्या खेळाडूला तक्त्याच्या तळाच्या माणसाशी बसवतात, पण एकाच माणसाशी दोनदा नाही, त्यामुळे तळाचे चौघे संपून आता पाचव्याची पाळी होती. हा पाचवा म्हणजे अध्यक्ष.

अध्यक्ष म्हणजे शेजारच्या देशाच्या बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष. त्यांच्या देशाची एक जागा मोकळी राहिली तेव्हा त्यांनी विचारविनिमय करून तिथे स्वतःचं नाव सुचवलं आणि स्वतःच अनुमोदन दिलं. वर ते स्पर्धेच्या अपील समितीवरही होते. खेळाडू, अध्यक्ष आणि न्यायाधीश असं तिन्ही मिळून त्यांचे आठ फेऱ्यांत दोन गुण झाले होते. त्यांच्याशी मला बरोबरी जमली असती. त्यांचे सगळे डाव मी पडद्यावर पाहिले होते. उंट कुठे ठेवावा याबद्दल त्यांचा काहीच विचार नाही.

आठव्या फेरीच्या दिवशी संध्याकाळी सहाला संयोजक माझ्या घरी आले. सोबत सफरचंदं. दवाखान्यात नेतात तशी पिशवीभर. मी म्हटलं, कोण आजारी आहे?

"बाई, उद्या जरा सावकाश या."

"सावकाश म्हणजे?"

"म्हणजे काय, दोनच मिनिटं. तुमच्या वयाला कोण विचारणार आहे?"

"डाव अकराला आहे ना?"

"हो ना. म्हणून तर अकरा वाजून दोन मिनिटांनी."

मग सगळं बाहेर आलं. पुढच्या वर्षीची स्पर्धा पुन्हा आपल्याकडेच व्हावी म्हणून मतदान आहे, अध्यक्षांचं एक मत आहे, आणि भरतीची खेळाडू नसती तर ज्या अध्यक्षांना बसल्या जागी गुण मिळाला असता त्यांना आता एका म्हाताऱ्या बाईबरोबर घाम गाळावा लागणार, हे त्यांना अपमानाचं वाटतं. मी आले नाही की त्यांचे तीन गुण होतात आणि मत आपलं होतं. मी म्हटलं, आणि माझा डाव? तर म्हणाले, "अहो, तुम्ही भरतीच्या! तुम्हाला काय फरक पडतो?" दादा, मी त्यांना सफरचंदांसकट जिना उतरायला लावलं. (एक ठेवून घेतलं. पिशवीतून घरंगळून सोफ्याखाली गेलं होतं, ते नंतर सापडलं.) ते मात्र जाताना अध्यक्षांना कळवून गेले की काम झालं. ही त्यांची चूक. मी 'नाही' म्हटलेलं माणसाला ऐकूच येत नाही, हे एकतीस वर्षं मी खिडकीतून पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी साडेदहालाच जाऊन बसले. काळी सोंगटी माझी, पांढरी त्यांची. सगळी प्यादी घरांच्या बरोबर मध्ये सरकवली, पाणी प्यायले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. दहा पंचावन्नला खुर्च्या भरल्या. दहा अठ्ठावन्नला फोटोवाले बाहेर काढले. समोरची खुर्ची रिकामी. मला आधी बरं वाटलं, मग कमी बरं वाटलं. आणि अकराच्या ठोक्याला मुख्य पंच (पँटच्या चुणीला धार इतकी की बोट कापेल) व्यासपीठावर येऊन म्हणाले, "सुरू करा."

चाळीस सेकंदांनी अध्यक्ष आले. हातात कॉफीचा कप, चाल अशी की जणू हरलेल्यांच्या घरी भेटीला आले आहेत. मला पाहिलं आणि जागच्या जागी थांबले.

"तुम्ही इथे कशा?"

"खेळायला. बसा पटकन. पहिलं प्यादं ढकला."

ते बसलेही. हातही पुढे केला. पण मुख्य पंच तोवर आमच्या टेबलाशी पोचले होते. त्यांनी आपला हात दोघांच्या मध्ये घातला आणि हळूच म्हणाले, "डाव संपला. बाई, अभिनंदन. तुम्ही जिंकलात."

बरोबर कळलं ना दादा तुला काय झालं ते? अध्यक्ष उशिरा आले म्हणून हरले. मी जिंकले. पण डाव प्रत्यक्ष खेळलाच नाही, म्हणजे मानांकनासाठी तो धरत नाहीत. चार डाव, शून्य गुण, म्हणजे मी कधी खेळलेच नाही. आणि तक्त्यात माझ्या नावापुढे एक. त्या एकाइतकं निरुपयोगी काही मी अख्ख्या आयुष्यात कमावलेलं नाही.

मी उठून उभी राहिले आणि मुख्य पंचांना म्हटलं, यांना खेळू द्या. ते म्हणाले, नियम. मी म्हटलं, चाळीसच सेकंद. ते म्हणाले, सेकंदाचीही सवलत नाही. मी म्हटलं, लिफ्ट बंद पडली असेल. ते म्हणाले, इमारत एकमजली आहे. मी म्हटलं, यांची तब्येत बरी नसेल, बघा कसे पांढरे पडलेत. दादा, मी बोलत होते आणि मलाच ओळख पटत होती. सायकल पंक्चर झाली, सासू पडली (एका फिटरची सासू माझ्या नोंदवहीत अकरा वेळा पडलेली आहे), पूल बंद होता, घड्याळ मागे होतं. ज्या ज्या सबबींवर मी खिडकी खाली ओढली, त्या सगळ्या आता मीच, माझ्या तोंडाने, खिडकीच्या बाहेर उभी राहून, दुसऱ्याच्या वतीने सांगत होते. आणि आत उभा असलेला माणूस अगदी माझ्यासारखाच ऐकत होता, म्हणजे ऐकतच नव्हता. आजवर कारखान्यातल्या एकाही माणसाने मला मारलं कसं नाही याचं मला त्या दिवशी आश्चर्य वाटलं.

तरी मी मागे हटले नाही. पंच निकाल कळवण्यासाठी दोन्ही राजे मधल्या घरांत ठेवायला वाकले. त्यांनी पांढरा ठेवला आणि काळ्याकडे वळले, तर काळा जागेवर नव्हता. तो माझ्या मुठीत होता.

"राजा द्या, बाई."

"डाव द्या."

"बाई, सगळं जग पाहतंय."

"पाहू दे. जगाला आज दुसरं काम नाही का?"

त्यांनी पांढरा राजाही परत त्याच्या घरात नेऊन ठेवला, कारण एकटा राजा मध्ये उभा राहिला की यंत्र गोंधळतं. मी मूठ पर्समध्ये टाकली, पर्स काखेत घेतली आणि अपिलाचा कागद मागायला गेले. इकडे झालं असं, की यंत्राच्या मते आमचा डाव सुरू झाला होता पण पांढऱ्याने पहिली चाल केलेली नव्हती. जगभरच्या पडद्यांवर त्रेचाळिसाव्या पटासमोर 'विचार चालू' असं झळकत राहिलं. एक तास. दोन तास. अध्यक्षांच्या देशातले लोक खाली कौतुक लिहू लागले. एकाने लिहिलं, पहिल्या चालीवर दोन तास विचार करणारा माणूसच महासंघ चालवू शकतो. दुसऱ्याने लिहिलं, बाई घाबरलेली दिसते.

माझ्या अर्जाचा मजकूर तुला शब्दशः देते, कारण तुझी मान अभिमानाने ताठ व्हायचीच असेल तर ती यावर होऊ दे: 'मी या डावात जिंकले असल्याचा निर्णय झाला आहे. तो मला मान्य नाही. माझ्या प्रतिस्पर्ध्यास मी येणार नाही असं संयोजकांनी सांगितलं होतं, म्हणून ते निवांत आले. चूक त्यांची एकट्याची नाही. तरी माझा विजय रद्द करून मला हरण्याची रीतसर संधी द्यावी.' लिपिक बाईंनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "तुम्हाला 'मान्य आहे' लिहायचं होतं ना?"

अपील समिती तिघांची. एक अध्यक्ष, पण ते या प्रकरणात गुंतलेले, म्हणून ते बाजूला झाले आणि त्यांच्या जागी राखीव सदस्य आले. राखीव सदस्य कोण? संयोजक. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध मी लिहिलं तेच ते वाचायला बसले, आणि 'संयोजकांनी सांगितलं होतं' या ओळीवर आल्यावर त्यांना इतका वेळ खोकला आला की मला वहिनीची आठवण झाली. अध्यक्षांना साक्षीला बोलावलं. तुम्हाला कोणी काही सांगितलं होतं का? ते छताकडे बघून म्हणाले, आठवत नाही. मी म्हटलं, पहिल्या चालीचा विचार झाला असेल तर हेही आठवा. उरलेल्या दोघांपैकी एक हसला आणि त्याने लगेच नियमांचं पुस्तक तोंडापुढे धरलं.

वीस मिनिटांनी निर्णय. अर्ज फेटाळला. कारण: 'अर्जदाराचं कोणतंही नुकसान झालेलं नाही, विजय हे नुकसान नव्हे.' मी म्हटलं, ठीक आहे, मग निकालाच्या चिठ्ठीवर मी सही करत नाही. बघू कसा लागतो निकाल! तर मुख्य पंच म्हणाले, न खेळलेल्या डावाला सही लागत नाही. दादा, मला वाटलं होतं माझ्याकडे निदान माझी सही तरी आहे.

उरला राजा. बक्षीस समारंभ खोळंबला होता. शेवटचा तक्ता निघत नव्हता, कारण त्रेचाळिसावा पट अजून विचारात होता. नवा अजिंक्यवीर पहिल्या रांगेत बसून बिस्किटं खात होता. मुख्य पंच माझ्याकडे तीनदा आले, संयोजक पाचदा, सफरचंद कोणीच आणलं नाही. मी हलले नाही. मी राजा दिला तो त्यांना नव्हे. सामान मोजून घेणाऱ्या बाई होत्या, त्रेचाळीस पेट्या आणि प्रत्येकीत बत्तीस सोंगट्या. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या, पाय मोकळे केले आणि म्हणाल्या, "मावशी, तुमचं काय ते तुमचं. पण एक कमी भरली तर उद्या मला उभं करतील." त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो पदराला पुसला, पटावर नेऊन मधल्या घरात ठेवला, आणि पडद्यावर उमटलं: काळा विजयी. टाळ्या वाजल्या. मी बसून राहिले. तेवढंच माझ्या हातात होतं.

तर दादा, पेपरात आलं ते हे. म्हणून तुझं अभिनंदन मला नको. शेजारणीने पेढे आणले तेही मी परत केले. (अर्धा डबा.) संयोजकांनी कळवलंय की पुढच्या वर्षी ते भरतीसाठी दुसऱ्या कोणाला तरी बघतील. बघू देत. सभागृहाच्या बारा मिनिटांत राहणारं माणूस शोधायला त्यांना वर्ष पुरायचं नाही. आणि माझं म्हणशील तर मी कोणाचीही माफी मागितलेली नाही, मागणार नाही, आणि कोणी विचारलंच तर त्या दिवशी मी बरोबर होते, राजा मुठीत होता तेव्हाही आणि पर्समध्ये होता तेव्हाही.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याला शेक चालू ठेव.

तुझी,
छोटी

ता. क. अध्यक्षांशी एक डाव झाला, हे वर लिहायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, ठेवलं. समारंभ संपल्यावर ते स्वतः माझ्याजवळ आले. म्हणाले, "मला सगळं आठवत होतं, बाई. बसायचं का?" खुर्च्या एकावर एक रचून झाल्या होत्या, वायरी गुंडाळत होते. मोजणाऱ्या बाईंनी एक पेटी दहा मिनिटांसाठी पुन्हा उघडून दिली. घड्याळ नाही, पंच नाही, कागद नाही. मी हरले. एक हत्ती जास्त असताना हरले, बत्तिसाव्या चालीला. त्यांना उंट कुठे ठेवायचा ते नेमकं त्याच दिवशी सुचलं. म्हणजे जो डाव खेळले नाही तो मी जिंकले आहे आणि जो खेळले तो हरले आहे, आणि अर्ज मान्य झाला असता तरी माझे पाच डाव आणि शून्य गुणच झाले असते. हे तुझ्या फलकावर लिहायची गरज नाही.

ता. क. २. आता मुद्द्याचं. तुझ्या पुढल्या महिन्याच्या मानांकन स्पर्धेत पाच फेऱ्या आहेत ना? माझं नाव घाल. खेळाडू म्हणून. घड्याळं या वर्षी दुसरं कोणीतरी लावेल. अर्ज घ्यायची मुदत काल सायंकाळी पाचला संपली, हे मला माहीत आहे. मी पाच वाजता तुझं अभिनंदन परत पाठवण्याचं पत्र लिहायला बसले होते आणि एक ओळही न लिहिता रागात वेळ गेला. हे कारण पुरेसं नाही, हेही मला माहीत आहे. तरी घाल. सोबत अध्यक्षांचाही अर्ज आहे, त्यांना मी पत्ता दिला. ते म्हणाले, या वेळी आदल्या दिवशीच येतो. त्यांची झोपायची सोय तुझ्याकडे कर, आणि पहिल्याच फेरीत आमची जोडी लाव. जोड्या लावताना लबाडी करत नाही असं म्हणू नकोस, कर.

ता. क. ३. अर्जात मानांकनाचा रकाना आहे. तिथे तू सवयीने सगळ्या नवख्यांना शून्य लिहितोस, मी चौदा वर्षं बघते आहे. माझ्या नावापुढे शून्य लिहायचं नाही. रकाना मोकळा सोड, आणि जरा रुंद आख. तिथे चार आकडे यायचे आहेत.